पुढच्या चाकांची लटपट

जयपूर शहराच्या आग्नेयेस जगतपुरा हा भाग आहे. एकेकाळी शहराबाहेरचे गाव असलेली ही वस्ती गेल्या काही दशकांत जयपूरचे मोठे उपनगर बनली. तिच्या उत्तरेच्या बाजूस अरवलीच्या रांगेचा एक तुकडा उभा आहे. या झालाणाच्या टेकड्यांत, शहराच्या अगदी कुशीत, बिबळे राहतात. ते पाहण्यासाठी येणाऱ्या पर्यटकांना उघड्या जिप्सी गाड्यांनी अनेक वर्षे या जंगलात नेले-आणले. दगडगोट्यांची चढण, पावसाळ्यात ओल धरणारे ओढे, उन्हाळ्यात पिठासारखी बारीक धूळ आणि त्यानंतर पुन्हा शहराचा डांबरी रस्ता, असा या गाड्यांचा दिनक्रम असे. जुन्या गाडीचा एक विशिष्ट दोष ओळखण्यास याहून चांगली जागा मिळणे कठीण.

हा दोष प्रथम प्रकट होतो तो जंगलात नव्हे, तर डांबरी रस्त्यावर. गाडी ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने चाललेली असते. एखादा खड्डा लागतो किंवा पुलाच्या सांध्यावरून चाक जाते आणि अकस्मात स्टीअरिंगचे चक्र चालकाच्या हातात डावी-उजवीकडे झटके देऊ लागते. क्षणार्धात गाडीचे सारे नाक थरथरू लागते. चक्र घट्ट धरले तरी थरथर थांबत नाही. चालक वेग कमी करतो. वेग वीस-पंचवीसवर आला, की सारे शांत होते. पुन्हा वेग वाढवला तर काहीच घडलेले नव्हते अशा थाटात गाडी धावते. पुढचा खड्डा येईपर्यंत.

या लटपटीचे कारण काय आणि तिचा कायमचा उपाय कोणता, हे समजण्यासाठी गाडीच्या पुढच्या भागाची रचना आधी पाहिली पाहिजे.

पुढच्या आसाची रचना

जिप्सी ही गाडी भारतात १९८५ साली तयार होऊ लागली. मूळ जपानी बनावटीच्या लहान चतुष्चक्रचालित गाडीची ही लांब आवृत्ती होती. सर्वसामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री २०१९ च्या सुमारास थांबली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी खाजगी जिप्सी ही जुनीच गाडी होय. तिच्या पुढच्या दोन चाकांना जोडणारा आस एकसंध आणि कडक आहे. बैलगाडीच्या आसाप्रमाणे एक चाक वर उचलले गेले, की दुसरेही कलते. हा आस दोन्ही बाजूंना पोलादी पाट्यांच्या कमानींवर बसवलेला असतो. कमानीचे एक टोक चौकटीला खिळलेले असते, तर दुसरे शॅकल नावाच्या हलत्या कडीला टांगलेले असते, कारण भार पडून कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते. या सर्व जोडांत रबराचे बुश असतात.

पुढची चाके वळावी लागतात. म्हणून आसाच्या प्रत्येक टोकाला एक वळणारा सांधा असतो. मिस्त्री त्याला नकल म्हणतात. दार जसे बिजागरीवर फिरते, तसा हा सांधा किंगपिन नावाच्या वरच्या व खालच्या अशा दोन आखूड खुंट्यांवर फिरतो. प्रत्येक खुंटी निमुळत्या रोलरांच्या बेअरिंगमध्ये बसलेली असते. खुंटीच्या बैठकीखाली पातळ धातूच्या चकत्या घातलेल्या असतात. त्यांची जाडी कमी-जास्त करून बेअरिंगवरील दाब ठरवता येतो. दोन्ही नकलांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे टायरॉड, आणि स्टीअरिंग पेटीची हालचाल चाकांपर्यंत पोचवणारा दुसरा दांडा म्हणजे ड्रॅग लिंक. या दांड्यांच्या टोकांना गोळ्याचे सांधे असतात. पेल्यात फिरणाऱ्या सुपारीसारखा पोलादाचा गोळा त्यात बसवलेला असतो.

ही रचना जिप्सीपुरती मर्यादित नाही. १९४७ साली मुंबईत ज्या विलिस जीपगाड्यांची जुळणी सुरू झाली, त्यांचा पुढचा आसही असाच कडक होता, कमानीही पाट्यांच्याच होत्या आणि नकलही बेअरिंग व चकत्यांवरच फिरत असे. महाराष्ट्राच्या घाटवाटांवर आणि आडरानातील खेड्यांत ज्या जीपगाड्यांनी पुढे माणसे वाहिली, त्यांच्या मिस्त्रींना हा दोष चांगला परिचित आहे. म्हणून जगतपुऱ्याच्या जिप्सीविषयी जे सांगावयाचे, ते कडक आसाच्या बहुतेक जुन्या गाड्यांना लागू पडते.

किंगपिनची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ती नेमकी उभी नसते. तिचे वरचे टोक किंचित मागे झुकलेले असते. सायकलच्या पुढच्या चिमट्याचा कल आठवावा. या कलाला कॅस्टर म्हणतात. त्यामुळे चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा वळणाच्या अक्षाच्या मागे पडते, आणि चाक आपोआप सरळ राहू पाहते. सायकलस्वार दोन्ही हात सोडून सायकल सरळ चालवू शकतो, त्यात या कलाचाही वाटा असतो. चाकाला सरळ रेषेत परत आणणारी ही शक्ती उपकारक खरी. परंतु परत आणणारी शक्ती असली की झोका हा आलाच. झोपाळाही मध्यावर परत येतो, पण तेथे थांबत नाही.

लटपट कशी उत्पन्न होते

थरथरीचे दोन प्रकार आहेत. त्यांत भेद न केल्याने पुष्कळ पैसा व्यर्थ जातो.

पहिला प्रकार चाकाच्या असमतोलाचा. जिप्सीसारख्या गाडीच्या चाकाचा व्यास सुमारे ६७ सेंटिमीटर धरला, तर त्याचा घेर साधारण २.१ मीटर होतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला जवळजवळ आठ फेरे घेते. त्याच्या कडीवर एका बाजूला केवळ ३० ग्रॅम वजन अधिक असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे दीड किलोग्रॅम वजनाइतक्या जोराने सेकंदाला आठ वेळा ओढते. ताशी ८० किलोमीटरला हा जोर अडीच किलोग्रॅमच्या पुढे जातो. आसाची किंवा स्टीअरिंगची स्वाभाविक कंपनसंख्या त्याच्याशी जुळली, की थरथर जाणवते. वेग थोडा कमी किंवा अधिक केला की ती मावळते. ठरावीक वेगाला येणारी आणि तो वेग ओलांडताच जाणारी ही थरथर चाकाचा समतोल साधून बरी होते.

दुसरा प्रकार अधिक गंभीर. त्याला खड्ड्याचे निमित्त लागते, पण एकदा सुरू झाल्यावर निमित्ताची गरज उरत नाही. वारा एकसारखा वाहत असतो, तरी झेंडा फडफडतो. वाऱ्याने त्याला डावी-उजवीकडे ओढलेले नसते. संथ वाहणाऱ्या वाऱ्यातून झेंडाच फडफडण्याची शक्ती काढून घेतो. पुढच्या चाकांचेही तसेच होते. गाडी सरळ पुढे जात असते, आणि तिच्या पुढे जाण्याच्या शक्तीतीलच एक अंश टायर व जमीन यांच्या घर्षणातून चाकांच्या डोलण्याकडे वळतो. म्हणूनच ही लटपट आपोआप वाढते आणि गाडी हळू केल्याखेरीज थांबत नाही.

कडक आसात या डोलण्याला आणखी एक साथीदार मिळतो. वेगाने फिरणारे चाक भोवऱ्यासारखे वागते. फिरत्या भोवऱ्याला एका बाजूला ढकलले, की तो त्या दिशेला न पडता तिच्याशी काटकोन करून सरकतो. खड्ड्यामुळे एक चाक वर उचलले गेले, की सारा आस कलतो; फिरत्या चाकांचे अक्ष त्याबरोबर कलतात आणि त्यामुळे चाके किंगपिनभोवती वळू पाहतात. ती वळली, की उलट परिणाम होऊन आस कलू पाहतो. कलणे आणि वळणे यांची अशी देवघेव सुरू होते.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मोठ्या, मऊ टायरांचा आणि पुढच्या चाकांवरील ब्रेकांचा प्रसार झाला, तेव्हा युरोप-अमेरिकेतील मोटारींत ही व्याधी फार बोकाळली. शिमी हे तिचे नाव तेव्हा रूढ झाले. फ्रेंच अभियंता जॉर्ज ब्रुलिए याने १९२५ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. टायर बाजूला कसा लवचिकपणे सरकतो, याकडे त्याने लक्ष वेधले. पुढे मॉरिस ओली हा इंग्रज अभियंता अमेरिकेत गेला, आणि त्याच्या कामातून १९३४ च्या कॅडिलॅकसारख्या गाड्यांत पुढची दोन चाके एकमेकांपासून स्वतंत्र झाली. एक चाक उचलले तरी दुसरे कलेनासे झाले, आणि आसाने चालवलेली ती देवघेव तुटली. अँबॅसडरसारख्या गाड्यांत पुढचा कडक आस नव्हता, तो या परंपरेमुळेच. जंगलाच्या वाटांसाठी बनलेल्या गाड्यांनी मात्र कडक आस सोडला नाही, कारण तो दणकट, सोपा आणि खडकाळ जमिनीवर भरवशाचा असतो.

मग प्रश्न असा उरतो, की नव्या जिप्सीत ही लटपट का होत नाही? आस तोच, भोवऱ्याचा नियम तोच, खड्डेही तेच. उत्तर एका शब्दात सांगता येते: घट्टपणा. नव्या गाडीत प्रत्येक सांधा थोडा आवळलेला असतो. डोलण्यासाठी लागणारी शक्ती त्याच्या घर्षणात जिरून जाते, आणि झोका दोन-तीन हेलकाव्यांत विरतो. सांधा झिजला, की तेथे थोडी मोकळी जागा उत्पन्न होते. त्या जागेपुरते चाक कोणत्याही बंधनाशिवाय हलते, झोक्याला आरंभ मिळतो आणि तो शमवणारे घर्षणही नाहीसे झालेले असते. खड्डा हा आरोपी नव्हे. तो केवळ साक्षीदार आहे.

किंगपिनचे बेअरिंग का झिजते

झिजणाऱ्या सांध्यांपैकी किंगपिनची बेअरिंगे बहुधा प्रमुख असतात. चाकाच्या बेअरिंगातील रोलर संपूर्ण वर्तुळात फिरतात. त्यामुळे झीज सर्वत्र सारखी होते. किंगपिनचे तसे नाही. चाक सरळ असताना तिचे रोलर एकाच जागी बसून राहतात, वळताना थोडे सरकतात आणि पुन्हा त्याच जागी येतात. गाडीच्या आयुष्यातील बहुतेक धक्के चाक सरळ असतानाच बसतात. परिणामी, बेअरिंगच्या बाहेरील कड्यावर त्याच त्या जागी रोलरांच्या आकाराचे बारीक खळगे पडतात. दळणाच्या पाट्याला टाकीचे घाव असावेत, तशी ती खूण दिसते.

यातून एक चमत्कारिक स्थिती उद्भवते. चाक सरळ असताना रोलर खळग्यांत बसतात, म्हणून सांधा ढिला असतो. चाक वळवले की ते खळग्यांबाहेर येतात आणि सांधा घट्ट होतो. एखाद्याने चकत्या काढून सरळ स्थितीतील ढिलेपणा घालवण्याचा प्रयत्न केला, तर वळणावर स्टीअरिंग जड होते आणि परत सरळ येईनासे होते. म्हणजे खळगे पडलेल्या बेअरिंगावर चकत्यांचा उपाय चालत नाही. बेअरिंग कड्यासह बदलावे लागते.

धूळ आणि पाणी हे झिजेचे दोन मदतनीस. नकलच्या गोल घुमटाभोवती पुसणीसारखे सील असते. ते फाटले की झालाणासारख्या ठिकाणची बारीक धूळ आत शिरते आणि ग्रीसमध्ये मिसळून तिची पॉलिशपेस्ट बनते. आतल्या बाजूचे ऑईल सील निकामी झाले, तर डिफरन्शियलमधील तेल नकलमध्ये उतरते आणि ग्रीस धुऊन टाकते. चाकाच्या आतल्या बाजूला काळसर तेलकट ओघळ दिसला, तर तो या दुसऱ्या दोषाचा पुरावा समजावा.

दोष शोधण्याचा क्रम

झिजलेला सांधा डोळ्यांनी दिसत नाही. तो हातांनी शोधावा लागतो, आणि तोही क्रमाने. क्रम न पाळता एकामागून एक भाग बदलत जाणे म्हणजे अंधारात बाण मारणे होय.

सर्वप्रथम सोप्या गोष्टी तपासाव्या: टायरांतील हवा, टायरांवर आलेला फुगवटा, चाकाच्या नटांचा घट्टपणा, कडीला चिकटलेला वाळलेला चिखल. जंगलातून आलेल्या गाडीच्या कडीत आतून मूठभर माती बसलेली असणे सामान्य आहे आणि तेवढ्याने समतोल बिघडतो. पुढच्या टायरांचा सट्टाही पाहावा. तो एका कडेलाच झिजला असेल तर चाकांचा कोन चुकलेला असतो; ठिकठिकाणी वाटीसारखा खोलगट झिजला असेल तर चाक उड्या मारत चालले आहे, असा त्याचा अर्थ.

नंतर गाडी सपाट जमिनीवर, स्वतःच्या वजनावर उभी असतानाच एकाने स्टीअरिंगचे चक्र थोडे डावीकडे-उजवीकडे झटकावे. दुसऱ्याने खाली बसून प्रत्येक गोळ्याच्या सांध्यावर बोटे ठेवावी. दांडा हलला पण पुढचा भाग किंचित उशिरा हलला, तर त्या दोहोंमधील सांधा झिजलेला आहे. ढिलेपणा डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना कळतो. याच वेळी स्टीअरिंग पेटी चौकटीवर हलते काय, कमानीला आसाशी आवळणारे यू-बोल्ट सैल आहेत काय, शॅकलच्या बुशातून आवाज येतो काय, हेही पाहावे.

त्यानंतर पुढचा आस जॅकने उचलून मजबूत घोड्यांवर टेकवावा आणि मागची चाके अडवावी. केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नये. उचललेल्या चाकाला घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. चाक खटखटले, तर ढिलेपणा चाकाच्या बेअरिंगात असेल किंवा किंगपिनमध्ये. दोहोंचा निवाडा करण्याची युक्ती साधी आहे. दुसऱ्या माणसाने ब्रेक दाबून धरावा. ब्रेकच्या पकडीने चाक आणि नकल एकजीव होतात. आता खटखट नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. ती तशीच राहिली तर किंगपिनचा. किंगपिनच्या दोन बेअरिंगांमधील अंतर चाकाच्या व्यासाच्या मानाने लहान असते, त्यामुळे तेथला थोडासा ढिलेपणा टायरच्या कडेला कित्येक पटींनी मोठा होऊन जाणवतो. तीन आणि नऊच्या जागी धरून हलवल्यास मुख्यतः टायरॉडच्या टोकांची परीक्षा होते.

भाग बदलण्याचे काम

टायरॉडचे टोक बदलणे हे तुलनेने हलके काम. त्याच्या नटातील स्प्लिट पिन काढून नट सोडावा आणि सांधा ओढणीने सोडवावा. हातोड्याचे घाव घातल्यास जवळचे रबर आणि आटे बिघडतात. जुने टोक काढताना ते किती फेऱ्यांत निघाले हे मोजून ठेवावे आणि नवे तितक्याच फेऱ्यांत बसवावे. तरीही चाकांचा आतला कल, ज्याला टो-इन म्हणतात, तो शेवटी मोजून घ्यावाच लागतो. जुनी स्प्लिट पिन पुन्हा वापरू नये. चार आण्याच्या वस्तूवर चार जिवांचा भार असतो.

किंगपिनचे काम दीर्घ आहे. चाक काढावे. ब्रेकची पकड सोडवून ती तारेने कमानीला टांगावी. तिच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये. त्यानंतर हब, त्यामागची खुंटी आणि आतील फिरता दांडा क्रमाने निघतात. टायरॉड नकलपासून अलग करावा, सीलच्या पट्ट्या सोडाव्या आणि मग वरची व खालची किंगपिन काढावी. प्रत्येकीखालच्या चकत्या वेगवेगळ्या ठेवून त्यांवर जागेची खूण करावी. येथपर्यंतचे काम नीट झाले, की नकल हातात येते आणि बेअरिंगे दिसतात. बाहेरील कड्यांवरचे खळगे नखालाही लागतात.

जुनी कडी पितळी दांड्याने सर्व बाजूंनी थोडी थोडी ठोकून काढावी, म्हणजे त्यांची बैठक खरवडली जात नाही. नवी कडी पूर्ण टेकेपर्यंत बसवावी. रोलर आणि कडे ही जोडी असते. नवे रोलर जुन्या कड्यात घालण्याची काटकसर हे सर्वांत महाग पडणारे कृत्य होय. दोन्ही बाजूंची चारही बेअरिंगे एकाच वेळी बदलणे हिताचे, कारण ती सारख्याच वाटांवरून चाललेली असतात. आतील ऑईल सील आणि बाहेरील पुसणीही त्याच वेळी नवी घालावी, नाही तर नव्या बेअरिंगाला जुनेच शत्रू भेटतील.

यानंतर येते कामाचे मर्म. बेअरिंग नुसते बसवून भागत नाही. त्यावर योग्य तेवढा आरंभीचा दाब असावा लागतो. सील आणि टायरॉड लावण्यापूर्वी नकलच्या बाहूच्या टोकाला ताणकाटा अडकवून तो काटकोनात ओढतात. सांधा फिरू लागण्यास किती जोर लागतो, ते काटा दाखवतो. निर्मात्याच्या कार्यशाळा-पुस्तिकेत ही मर्यादा दिलेली असते. जोर कमी लागला तर एखादी चकती काढावी, अधिक लागला तर घालावी. दाब कमी ठेवल्यास लटपट परत येते. अती ठेवल्यास स्टीअरिंग वळणानंतर स्वतः सरळ येत नाही आणि बेअरिंग लवकर मरते. हाताच्या अंदाजाने हे काम वर्षानुवर्षे करणारे कुशल मिस्त्री आहेत. परंतु ताणकाट्याची किंमत एका बेअरिंगाच्याही आसपास नाही, आणि तो कधी दमत नाही.

कमानीचे बुश बदलताना एक पथ्य आहे. बोल्ट प्रथम हाताने घट्ट करावे, गाडी चाकांवर उतरवावी, भार पडून कमान नेहमीच्या स्थितीत आली की मग ते पूर्ण आवळावे. कमान लोंबकळत असतानाच आवळल्यास रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. पाटे बसके झाले असतील, किंवा गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल घातले असतील, तर कॅस्टर बदललेला असतो. अशा गाडीत सारे सांधे नवे असूनही ती अस्थिर राहू शकते. मूळ मापापेक्षा रुंद आणि जड टायर घालण्याचा मोहही याच कारणाने टाळावा.

डँपर: औषध की आच्छादन?

अनेक गाड्यांना स्टीअरिंगच्या दांड्यावर एक लहान डँपर असतो. धक्के शोषून घेणे हे त्याचे काम आणि ते तो प्रामाणिकपणे करतो. लटपट सुरू झाली, की नवा, अधिक कडक डँपर बसवण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो. काम तासाभराचे, खर्च थोडा, आणि आश्चर्य म्हणजे लटपट खरोखरच थांबते. मालक समाधानाने घरी जातो.

येथेच खरा धोका आहे. ढिला सांधा ढिलाच राहिलेला असतो; फक्त त्याची तक्रार ऐकू येईनाशी होते. झीज चालू राहते, गोळा पेल्यात अधिकाधिक हलू लागतो, आणि पुढे एखाद्या दिवशी तो पेल्यातून निसटतो. मग दोन पुढची चाके दोन दिशांना तोंड करतात. स्टीअरिंग पेटीचा स्क्रू आवळून चक्रातील ढिलेपणा घालवणे हाही याच जातीचा उपाय. ताप उतरवणारी गोळी घेऊन मूळ दुखणे विसरावे, तसा हा प्रकार होतो. डँपर शेवटी बसवावा, सर्व सांधे घट्ट झाल्यावर. त्याच्याशिवायही गाडी सरळ चालली पाहिजे, हीच दुरुस्तीची खरी कसोटी होय.

या मोहामागे केवळ अज्ञान नसते. गाडीवर ज्याचे पोट आहे, त्याला ती दोन दिवस कार्यशाळेत उभी ठेवणे परवडत नाही. म्हणून तो आज टायरॉडचे एक टोक बदलतो, पुढच्या महिन्यात दुसरे, नंतर समतोल, नंतर डँपर. प्रत्येक वेळी नवा भाग जुन्या ढिल्या भागाचे धक्के खातो आणि अकाली झिजतो. वर्षाअखेर हिशेब मांडला, तर एकदाच नीट केलेले काम स्वस्त पडले असते असे आढळते. आणि या हिशेबात उघड्या गाडीत मागे उभे असलेले प्रवासी अजून धरलेले नसतात.

कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली आहे. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून ती पाच-पाच वर्षांनी नूतन करावी लागते. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या गाडीला तर आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. परंतु तपासणी ही एका दिवसाची असते आणि झीज तीनशे पासष्ट दिवसांची. दाखला खिशात असणे आणि किंगपिन घट्ट असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

चालकाने काय करावे

लटपट सुरू झालीच, तर चालकाने चक्र दोन्ही हातांनी स्थिर धरावे, परंतु त्याच्याशी कुस्ती करू नये. प्रवेगकावरचा पाय हळूहळू काढावा, ब्रेक हलके लावावे आणि थरथर थांबेपर्यंत वेग उतरू द्यावा. घाबरून एकदम ब्रेक दाबला, तर पुढच्या टायरांवरचा भार अकस्मात वाढतो आणि गाडी बाजूला ओढली जाण्याची भीती असते. नाहरगडासारख्या वळणावळणाच्या उतारावर हा प्रसंग ओढवला, तर त्याला फार थोडी जागा मिळते. त्यानंतर गाडी हळू चालवत थेट कार्यशाळेत न्यावी. थरथर थांबली म्हणजे दोष गेला, असे मानू नये.

ती येऊच नये यासाठी लागणारी दक्षता मात्र थोडीच आहे. धुळीच्या हंगामानंतर सील पुसून तपासावे. पाण्यातून गाडी गेल्यास ग्रीसची स्थिती पाहावी. टायर बदलताना चाक उचललेलेच असते, तेव्हा बारा-सहा धरून ते एकदा हलवून पाहावे. या शेवटच्या परीक्षेस अर्धा मिनिटही लागत नाही.

जुन्या गाडीचे इंजिन बदलता येते. २०२३ साली भारतीय लष्कराने विजेच्या मोटारीवर चालणारी जिप्सीही दाखवली. पण शक्ती तेलाची असो वा विजेची, पुढचा आस तोच असेल तर किंगपिनही तीच आणि तिचा न्यायही तोच. वेग देणाऱ्या यंत्राकडे सर्वांचे लक्ष असते. त्या वेगाला दिशा देण्याचे काम मात्र आसाच्या टोकाशी, ग्रीसने माखलेल्या अंधाऱ्या घुमटात, मुठीत मावतील अशी चार बेअरिंगे करीत असतात.